जावयाची बातमी कोण फोडतंय?

आमचा जावई टेबलावर आला की मरायचा. आला, शिंगं हलवली, गेला. दर वेळी!

जावई म्हणजे कार्ड. 'वाइल्डहॉर्न' नावाचा कार्ड-गेम आहे, त्यातला आमच्या डेकमधला सगळ्यात मोठा क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी. कार्डावर त्याचं नाव भलतंच भारदस्त आहे, पण त्याला बोलवायला सगळीच्या सगळी एनर्जी लागते, तो कायम उशिरा येतो, आणि आल्यावर बाकीच्यांनी नुसतं त्याच्या पुढेपुढे करायचं. म्हणून आश्लेषानं त्याचं नाव जावई ठेवलं. छोटा क्रीचर म्हणजे मावशी, ती दर टर्नला आम्हाला एक जास्तीचं कार्ड देते, येताना पिशवीतून काहीतरी आणल्यासारखी. आणि समोरच्याचा क्रीचर मारायचं जे कार्ड असतं, ज्याला सगळे रिमूव्हल म्हणतात, ती आमच्या भाषेत चप्पल. झुरळ दिसलं, चप्पल, संपलं.

ही सगळी नावं मराठीत ठेवण्यामागे माझं डोकं होतं. आमचा गेम दोघांच्या टीमचा. दोघींनी शेजारी बसायचं, एकमेकींची कार्डं बघायची, बोलून ठरवायचं. सगळं नियमात. आता समोरच्यांसमोर बोलायचं तर ते ऐकणार. पण आम्ही पडलो बंगळूरात! मी पुण्याची, आश्लेषा नागपूरची, दोघी बेळ्ळंदूरच्या एकाच सोसायटीत आणि एकाच शाळेत दहावीत. बाकी टीम्स कानाला तोंड लावून कुजबुजत बसायच्या, आणि आम्ही आपल्या खुशाल मोठ्या आवाजात, "अगं, जावई आलाय हातात, पुढच्या टर्नला उतरवू."

इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी वर्गात 'प्रेझेंट मॅम' सोडून काही बोलले नव्हते. आता रविवारी जे. पी. नगरात रघुपती अण्णांच्या कार्ड-गेमच्या दुकानात शिरले की जिन्यावरूनच माझा आवाज येतो, असं अण्णा म्हणतात. तक्रार म्हणून म्हणत असतील, मी कौतुक म्हणून घेते.

तर चेन्नईला साउथ झोनची स्पर्धा होती आणि अण्णांच्या दुकानातून एकच टीम जाणार होती. लीगमध्ये आम्ही झाडून सगळ्यांना हरवलं. फक्त श्रीहरी आणि लिखित यांच्याशी दोन्ही वेळा हरलो. आणि फायनल त्यांच्याशीच! जिंकलो तर चेन्नई. हरलो तर पुढच्या वर्षी, म्हणजे अकरावीचे क्लासेस, म्हणजे कधीच नाही. आई तसं स्पष्ट म्हणाली होती.

श्रीहरी जे. पी. नगरातलाच, आमच्याहून एक वर्ष मोठा, पीयूसीला, म्हणजे अकरावीला. शांत, चष्मा, आणि केस असे की पहिल्याच रविवारी मी आश्लेषाला म्हटलं होतं, "याच्या डोक्यावर नारळाची शेंडी उगवलीये बघ." लिखित त्याचा दोस्त, अखंड बडबड्या. दोघं आपसात कन्नडमध्ये बोलायचे आणि आम्ही आमच्या मराठीत. बरोबरीचा मामला, असं मला वाटत होतं.

मग यांच्यासमोर जावई दर वेळी मरत कसा होता?

हे नीट समजून घ्या, कारण माझा संशय इथूनच सुरू झाला. डेकमध्ये चपला मोजक्याच असतात. त्यामुळे खेळाचा अर्धा जीव एकाच प्रश्नात असतो. समोर छोटा क्रीचर आलाय, त्याला आत्ता मारू, की चप्पल हातात ठेवून मोठ्याची वाट बघू? मावशीला सोडलं तर ती दर टर्नला कार्डं आणून देत बसते. मावशीला मारलं तर जावई येतो तेव्हा हात रिकामा. कोणीही माणूस यात कधी ना कधी चुकतोच. मीही चुकते. पण हे दोघं आमच्याशी कधीच चुकत नव्हते. जावई आमच्या हातात नसला तर मावशी आली रे आली की चप्पल. जावई हातात असला की मावशी खुशाल टेबलावर पाय पसरून बसलेली, आणि श्रीहरी एक कार्ड हातात धरून शांत. जणू त्याला पाहुण्यांची वेळ माहीत आहे.

पहिला संशय कपाटावर. माझ्या खुर्चीमागे काचेचं कपाट होतं, त्यात विकायची महागडी कार्डं. म्हटलं, काचेत माझ्या हातातली कार्डं दिसतात! पुढच्या रविवारी आले आणि सरळ दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसले. पाठीमागे नुसती भिंत.

श्रीहरीनं भुवया उंचावल्या. लिखित म्हणाला, "व्हाय? वास्तू प्रॉब्लेम?"

जावई तरीही मेला.

मग स्लीव्हज. कार्डांवर आपण प्लास्टिकची कव्हरं घालतो ना, त्यावर ओरखडा असला की कार्ड मागूनही ओळखता येतं. मी सगळी कव्हरं बदलली. नवी, काळी, कोरी करकरीत. आश्लेषा माझ्या पलंगावर बसून चिवडा खात म्हणाली, "एवढं तर तू बोर्डाच्या पुस्तकांना कव्हर घालत नाहीस."

"तुला काहीच वाटत नाही का ग? ते दर वेळी ओळखतात!"

"वाटतं ना. पण खेळतातच बाप्पा ते चांगले."

हे ती इतकं सहज म्हणाली की माझ्या डोक्यात काहीतरी टिक् करून वाजलं. खेळतातच चांगले? आपण हरतोय आणि ही त्यांचं कौतुक करतेय?

एकदा असं टिक् झालं की थांबतच नाही. मला आठवायला लागलं. आश्लेषा आणि लिखित एकाच मॅथ्स ट्यूशनला जातात. गेल्या रविवारी तिनं त्याला केळ्याचे वेफर्स दिले. लिखितनं काहीतरी जोक मारला आणि ती हसली, जोक काही हसण्यासारखा नव्हता. शिवाय जावई हातात आला की ती केसांचं क्लचर काढून परत लावते. काढते आणि लावते! हा सिग्नल नाही तर काय आहे?

मी तिला काही बोलले नाही. फायनलपर्यंत नुसती बघत राहिले. वाईट सवय आहे ही. एखाद्याकडे बघतच राहिलं की तो पाणी प्यायला तरी संशयास्पद दिसतो.

फायनल तीन गेम्सची. दोन जिंकेल तो जिंकला. खालच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, डोशाचा वास वर येत होता, टेबलाभोवती बरीच पोरं जमली होती आणि अण्णा स्टुलावर चढून फोटो काढत होते.

पहिला गेम नेहमीसारखा. "जावई आलाय," मी आश्लेषाला म्हटलं. तिनं क्लचर काढलं. लावलं. मी मावशी उतरवली, त्यांनी तिला हातही लावला नाही. जावई उतरवला. श्रीहरीनं हातातलं कार्ड उलटं केलं. चप्पल.

"सॉरी," तो म्हणाला. तो दर वेळी सॉरी म्हणतो, त्यानं जास्तच राग येतो.

दुसऱ्या गेमला मी ठरवलं. जावई आला आणि मी काही बोललेच नाही. हातातली कार्डं छातीशी घट्ट धरली. आश्लेषा वाकून बघायला लागली तर म्हटलं, "काही नाही, फालतू कार्डं आहेत." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ बसली. क्लचरला हात नाही. मी मावशी उतरवली. श्रीहरीनं थोडा विचार केला आणि मावशीवर चप्पल टाकली. हातातली शेवटची!

मी जावई उतरवला.

लिखितच्या तोंडाचा चक्क आ झाला. श्रीहरी आधी जावयाकडे आणि मग माझ्याकडे, मी त्याचा काहीतरी विश्वासघात केल्यासारखा बघत राहिला. जावयानं पुढच्या दोन टर्नमध्ये त्यांना साफ केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र आश्लेषाकडे बघत होते. कारण आता हिशोब सरळ होता. आश्लेषाला सांगितलं तर त्यांना कळतं. आश्लेषाला नाही सांगितलं तर नाही कळत.

अण्णांनी चहाची सुट्टी दिली. मी आश्लेषाला ओढत जिन्यावर नेलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"क्लचर!"

तिनं डोक्याला हात लावला. "तुटलं का?"

"नाटक नको, आशू. तुला सांगितलं की त्यांना कळतं. आत्ता तुला नाही सांगितलं तर जावई जगला. लिखितला तू सांगतेस. ट्यूशनमध्ये तुमचं ठरतं."

माझा आवाज जिन्यात घुमला. खालून डोशाचं पार्सल घेऊन येणारा एक जण दोन पायऱ्या मागे गेला. आश्लेषा पहिल्यांदा हसली, तिला खरंच वाटलं मी गंमत करतेय. मग तिचा चेहरा उतरत गेला, हळूहळू, आणि ते बघणं मला त्या जावयाच्या सगळ्या मरणांपेक्षा जड गेलं.

"म्हणजे मघाशी तू माझ्यापासून कार्डं लपवत होतीस," ती म्हणाली. "माझ्यापासून. मला वाटलं खरंच फालतू कार्डं आहेत. मी देवाला म्हणत होते, हिला एक चांगलं कार्ड दे रे बाबा."

"मग दुसरं काय कारण असेल? तूच सांग!"

"मी का सांगू? चोर मी आहे ना." ती दोन पायऱ्या उतरली. मग थांबली. आश्लेषाचं हे असं आहे, रागातही तिचं गणित चालू असतं. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "तू मला सांगितलं नाहीस, म्हणजे तू बोललीच नाहीस."

"मग?"

"मग काय मग! तू मोठ्यानं बोललीच नाहीस. एरवी तू अख्ख्या जे. पी. नगरला ऐकू जाईल असं बोलतेस. मला कळलं नाही हे खरं. पण टेबलावर कोणालाच ऐकू गेलं नाही, हेही खरंच ना?"

मी एक पायरी खाली उतरले. 

"पण मराठी इथे कोणाला..." मी म्हणाले आणि वाक्य अर्ध्यातच सोडलं.

वरून अण्णांनी हाक मारली. आश्लेषा वर चढली, माझ्या बाजूनं, पण माझ्याकडे न बघता. "मी खेळणार आहे," ती म्हणाली. "चेन्नईसाठी. तुझ्यासाठी नाही."

तिसरा गेम. आश्लेषानं तिची खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब ओढली. समोर श्रीहरी, पांढराशुभ्र शर्ट, कार्डं पिसत बसलेला. शेजारी लिखित, काहीतरी गुणगुणत. दोघांपैकी एक? दोघंही? की आश्लेषा आपल्या बचावासाठी काहीही बोलली? हो, अजूनही माझ्या मनात ते होतंच. संशय एकदा घरात शिरला की लगेच चप्पल घालून निघत नाही.

मी हातातल्या कार्डांवरून नजर न काढता, अगदी नेहमीच्या आवाजात आश्लेषाला म्हटलं, "श्रीहरीच्या कॉलरला चटणी लागलीये बघ. हिरवी. शी!"

लिखित गुणगुणतच राहिला. ढिम्म.

श्रीहरीचा हात कॉलरवर गेला.

त्यानं बोटानं डावी बाजू पुसली, उजवी पुसली, बोट बघितलं, बोट कोरडं. मग आपण हात उचलायला नको होता हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं हात कॉलरवरून घाईनं मानेकडे नेला आणि मान खाजवल्यासारखं केलं. मी मान वर केलीच नाही, हे सगळं कार्डांच्या कडेवरून बघितलं, त्याला वाटलं असेल कोणी पाहिलं नाही.  खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आश्लेषा वीतभर जवळ आली होती. तिनंही बघितलं होतं.

पण आता नवीनच पंचाईत. आमच्याकडे लपून बोलायला भाषाच उरली नव्हती. मराठी त्याला येत होती, कन्नड दोघांना, इंग्रजी-हिंदी सगळ्या टेबलाला. कुजबुजावं तर आम्हाला कळलंय हे त्याला कळणार. आणि आश्लेषाशी तर मी धड बोलण्याच्या लायकीची राहिले नव्हते.

खेळ पुढे सरकला. आमचं झुरळ त्यांनी मारलं, त्यांचं आम्ही. त्यांच्या दोन चपला गेल्या. श्रीहरी आता सावध होता, दुसऱ्या गेमचा चटका ताजा होता. त्याच्या हातात एक कार्ड होतं, ते तो बाकीच्यांपासून जरा वेगळं धरून बसला होता. चप्पलच. माझी खात्री होती.

मी कार्ड ओढलं. जावई.

या वेळी मी कार्डं लपवली नाहीत. उलट आश्लेषाच्या बाजूला पूर्ण वळवली, अगदी तिच्या नाकासमोर. तिला शिंगं दिसली. मला तिच्या डोळ्यांत ती दिसलेली दिसली.

आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हे बघ आशू, मघाशी लपवलं, चूक झाली. आता सगळं तुला दाखवून खेळते. बघ. जावई नाहीये. अजून आलाच नाही."

पुढचा क्षण फार लांब होता. ती मला जे हवं ते म्हणू शकत होती. 'हा काय, आहे की!' एवढंही पुरलं असतं. मी तिला चोर म्हटल्याला अर्धा तासही झाला नव्हता. तिनं माझ्या कार्डांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग क्लचर काढलं.

"आपलं नशीबच फुटकं," ती म्हणाली आणि असा उसासा टाकला की अण्णांनी मागे वळून बघितलं. "डेकच्या तळाशी झोपला असेल मेला. मग आता?"

"मावशी आहे फक्त."

"उतरव मग. दर टर्नला एक कार्ड देईल, आपण जावई येईस्तोवर टिकू. पण तिला काही झालं ना, तर संपलं हो आपलं. चेन्नई विसर." तिनं क्लचर लावलं. आवाज चक्क रडवेला! मला तिचे पाय धरावेसे वाटले.

मी मावशी उतरवली. हळूच, जपून, जणू घरातलं शेवटचं काचेचं भांडं.

श्रीहरी आणि लिखित कन्नडमध्ये बोलायला लागले. लिखित मान हलवत होता, त्याला चप्पल ठेवायची होती, एवढं मलाही कळलं. श्रीहरी त्याला पटवत होता. "बेडा, बेडा," लिखित म्हणत होता, नको, नको. शेवटी त्यानं खांदे उडवले. "सरी," म्हणजे ठीक आहे.

श्रीहरीनं ते वेगळं धरलेलं कार्ड उलटं केलं. चप्पल. मावशी गेली.

"सॉरी," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणाले आणि पुढच्या टर्नला जावई टेबलावर ठेवला.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. जावई आला त्याच टर्नला हल्ला करत नाही, पाहुणा आधी बसतो. त्यांना एक टर्न मिळणार होता आणि एक नवीन कार्ड. ते चप्पल निघालं तर सगळं संपलं. लिखितनं डेकवर हात ठेवला, डोळे मिटले, कार्ड ओढलं. टेबलाखाली आश्लेषानं माझं मनगट पकडलं होतं, नखं रुतत होती. लिखितनं डोळे उघडले, कार्ड बघितलं आणि न बोलता टेबलावर टाकलं. एक छोटंसं झुरळ.

जावई ते तुडवून पुढे गेला आणि गेम आमचा!

पोरांनी आरडाओरडा केला. अण्णा पुन्हा स्टुलावर चढले. लिखितनं आमच्याशी हात मिळवले आणि डोसा खायला खाली पळाला. श्रीहरी कार्डं गोळा करत बसला होता. मग खाली बघतच त्यानं म्हटलं, "होता की ग जावई हातात."

मराठीत! जरा वेगळ्या हेलाची, पण आमच्याइतकीच मराठी.

"तुला येतं!" मी किंचाळले. माहीत असूनही किंचाळले.

"येतं म्हणजे? घरी तेच बोलतो आम्ही. आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासून इथेच आहोत."

"मग इथे कन्नड का बोलतोस?"

"दुकानात कोण मराठी बोलतं?" तो म्हणाला.

"आम्ही!"

"ते कळलं मला," तो म्हणाला. आता तो हसत होता. "पहिल्या रविवारीच सांगायला येत होतो, आम्हीही मराठीच म्हणून. तेवढ्यात तू नारळाची शेंडी म्हणालीस. मग कसं सांगायचं, सांग की. सरी म्हटलं, बोलू दे. माझे कान काय घरी ठेवून येऊ?"

  आश्लेषा हसून हसून टेबलावर पडली. मग त्याला म्हणाली, "स्वल्प शेंडी आहेच पण."

अण्णांनी चेन्नईच्या टीममध्ये आमची नावं लिहून घेतली. आम्ही कार्डं आवरायला लागलो. मी डेक पेटीत भरत होते, तेवढ्यात आश्लेषानं हात घालून जावई बाहेर काढला आणि आपल्या पाउचमध्ये ठेवून चेन ओढली.

"हे काय?"

"चेन्नईपर्यंत जावई माझ्याकडे."

"का पण?"

"तू न सांगता उतरवतेस," ती म्हणाली. हसत नव्हती. फार रागातही नव्हती. "सांगून उतरवायला लागलीस की देईन."

मी पेटी बंद केली.  घरी जाताना सिल्क बोर्डच्या चौकात बस नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये रुतली.  मग मला राहवेना.

"दाखव ना एकदा. आहे ना नक्की?"

तिनं पाउच छातीशी धरला, मघाशी मी कार्डं धरली होती अगदी तसा.

"काय ग, संशय?"

"नाही ग," मी म्हणाले. "आठवण आली."

"मग येऊ दे," ती म्हणाली, आणि केळ्याच्या वेफर्सची उरलेली पुडी माझ्या मांडीवर ठेवली.